तीनची जयगड आणि नवा प्रोसेसर

८ सप्टेंबर, सोमवार

फेरी: रत्नागिरी–जयगड, दुपारी ३.००. आरे-वाऱ्याच्या उतारावर तीनदा अडखळली. मालगुंडला १२ मि. उशीर. पुढे रद्द.

गाडी कॉम्प्युटरमधली असली तरी उशीर तो उशीर. बत्तीस वर्षं एस.टी. चालवली. त्यातली शेवटची एकोणीस ह्याच फेरीवर, मी ड्रायव्हर आणि दत्ताराम कंडक्टर. आता मी इथे घरी टेबलाला स्टिअरिंग आवळून बसतो आणि तो विरारला मुलाकडे. डाव्या पडद्यावर माझा रस्ता, उजव्या पडद्यावर व्हिडिओ कॉलमध्ये दत्ताराम. त्याला तिकडे टीव्हीवर माझाच रस्ता दिसतो. स्टीलच्या पेल्यावर चमचा मारून बेल देतो. एक टोला थांब, दोन टोले चल.

कॉल लावला नाही तर गाडी छान पळते. कॉल लावला की धक्के. द. म्हणाला, "वसंता, खड्डे रस्त्यात नायत, तुझ्या मशीनमदे हायत."

सौ. म्हणाली, "डेपोत होतात तेव्हा घरी नव्हतात. आता घरी असून डेपोतच."

९ सप्टेंबर, मंगळवार

मारुती मंदिराजवळ कॉम्प्युटरचं दुकान आहे, तिथे गेलो. मालकीणबाई रुबीना, चाळिशीच्या, स्वतः मशीन जोडतात. मी सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. विचारलं, "दोन्ही पडदे एकाच वेळी चालू लागतात का, काका?" म्हटलं, कंडक्टरशिवाय गाडी काढता येत नाही.

भाच्याने पुण्याहून दिलेला हा कॉम्प्युटर आठ वर्षांचा. त्यांचं मत: प्रोसेसर थकलाय. पण नुसता प्रोसेसर बदलता येत नाही. तो ज्यावर बसतो तो मदरबोर्ड आणि रॅमही त्याच्याबरोबर बदलावे लागतात. इंजिनासाठी अख्खी चासी बदलायची, हे मला नवीन.

"पण आता घेणार नाही ना तुम्ही? पितृपक्ष लागला." माझ्याआधी त्यांनीच सांगितलं. २१ ला सर्वपित्री. तोवर मला अभ्यास दिलाय.

११ सप्टेंबर, गुरुवार

अभ्यास केला. जुन्या लॉगशीटच्या पाठकोऱ्या पानावर.

चित्र भारी, कॉल बंद: सेकंदाला ५५ चित्रं.
चित्र भारी, कॉल चालू: २२.
चित्र हलकं, कॉल चालू: २३.

रु.ताई म्हणाल्या होत्या, चित्र हलकं करूनही गाडी अडखळली तर दोष ग्राफिक्स कार्डाचा नाही, प्रोसेसरचा. फरक एका चित्राचा. म्हणजे प्रोसेसर.

मग टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसरचे आठ चौकोन दिसतात. पहिला वरपर्यंत भरलेला, बाकीचे तळाशी. एक गडी घामाघूम, सात जण तंबाखू मळतायत. कॉल लावला की ते सातही उठतात, पण येऊन पडतात पहिल्याच्याच अंगावर. तासभर हेच बघत बसलो. गाडी उभीच होती.

सौ.ला शेजारच्या खोलीत पेला-चमचा घेऊन बसवलं, फोनवरून कॉलमध्ये घेतलं. तिने टोला दिल्यापासून माझ्या कानात पडेपर्यंत सव्वा सेकंद. एवढ्यात उतरणारा माणूस पुढच्या वाडीत पोचायचा.

१३ सप्टेंबर, शनिवार

दोन उमेदवार. नावं लक्षात राहत नाहीत, नुसते आकडे आणि अक्षरं, म्हणून खोक्याच्या रंगावरून ठेवलीयत.

निळा: सहा मोठे कोअर, आठ लहान. मोठ्यांनी खेळ ओढायचा, लहानांनी कॉल आणि इतर किरकोळ.
केशरी: आठच, पण सगळे सारखे. आणि त्याची कॅश मोठी. ही कॅश काय भानगड, अजून नीट कळलेलं नाही.

यूट्यूबवर एक पोरगा ओरडून सांगतो निळा घ्या, दुसरा ओरडून सांगतो निळा घेणारे मूर्ख. दोघांनाही बसमध्ये मागच्या सीटवर बसवावंसं वाटलं.

फेरी: जयगड ३.००. पूर्ण. १९ मि. उशीर. द. खुशीत. खंडाळ्याला "पुढे सरका, पुढे सरका, मधे जागा हाय" असं मोकळ्या खोलीत ओरडला.

नंतर त्याची सून पल्लवी फोनवर सांगत होती. "काका, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. अडीच वाजले की उठून दाढी करतात, शर्ट घालतात. तुमच्या गाडीसाठी." सुमनवहिनी, त्याची बायको, गेल्या वर्षी वैशाखात गेल्या. घर बंद करून मुलगा ह्याला विरारला घेऊन गेला. तेव्हापासून हा असा. मला एकच धास्ती आहे. धक्क्यांना कंटाळून द.ने फेरी सोडली तर तो परत भिंतीकडे वळेल.

म्हणून हा प्रोसेसर नीट निवडायचा. शौक म्हणून नाही. शौकही आहे, खोटं कशाला बोलू.

१५ सप्टेंबर, सोमवार

फेरी: नेवऱ्याच्या पुढे रद्द.

वरच्या कातळी सड्यावर, द.च्या वाडीच्या फाट्यापाशी गाडी थांबवली आणि दोन्ही पडदे गोठले. माउस हलेना. आवाज नाही. बटण दाबून बंद केला, परत चालू केला, सगळं मिळून सातेक मिनिटं. परत कॉल लावला तर द.ने घेतला नाही. थोड्या वेळाने फोन.

"नाय रे वसंता. डोकं गरगरतंय. र्‍हाऊदे आज."

गोठलेल्या चित्राने कोणाचंही डोकं फिरेल. मला ह्या डबड्याचा संताप आला.

फाट्यावरच का गोठला? तो थांबा मी स्वतः बसवलेला. मूळ रस्ता कोणा हौशी माणसाने करून इंटरनेटवर ठेवलेला, थांबे एकेक करून मी टाकले. फाट्यावर झाडं फार लावली बहुतेक. जांभा दगडाचा गडगा, काजूची झाडं, जांभूळ. चित्राचं ओझं झालं असेल. उद्या मोजून बघतो.

१७ सप्टेंबर, बुधवार

फेरी नाही. द. म्हणतो चक्कर.

फाट्यावरची झाडं मोजली. एकशे चाळीस. पुळ्याच्या बाजारात ह्याच्या दुप्पट वस्तू आहेत, तिथे गोठत नाही. मग फाट्यावरच का?

१९ सप्टेंबर, शुक्रवार

फेरी नाही. परवा नाही, काल नाही, आज नाही. तीन वाजता मी स्टिअरिंगपुढे बसतो, साडेतीनला उठतो. सौ. चहा आणून ठेवते आणि जाते. टोमणा नाही म्हणजे प्रकरण गंभीर.

द.ला विचारलं, निळा घेऊ की केशरी? म्हणाला, "तुला व्हया तो घे." एकोणीस वर्षांत ह्या माणसाने मला "तुला हवं ते कर" असं कधी म्हटलेलं नाही. चहा कुठल्या टपरीवर प्यायचा ह्यावरही भांडायचा.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. पितरांच्या नैवेद्याची वाडी ठेवली, कावळा लगेच आला.

दुपारी कॅश समजली. प्रोसेसरला लागणारी माहिती रॅममध्ये असते, पण रॅम लांब पडते. दर वेळी तिथे जायचं म्हणजे वेळ. म्हणून नेहमी लागणारी माहिती तो स्वतःपाशीच ठेवतो, ती कॅश. म्हणजे द.च्या गळ्यातली चामड्याची पिशवी. सुटे हाताशी. पिशवी लहान असेल तर दर दोन तिकिटांमागे सुट्यासाठी कोणाच्या तरी तोंडाकडे बघावं लागतं, आणि गाडी खोळंबते.

असल्या गाड्या चालवायच्या खेळात तेच ते रस्ते, तेच नियम, त्याच पन्नास गाड्यांचा हिशोब सेकंदाला साठदा करायचा असतो. तिथे पिशवी मोठी हवी. म्हणून केशरी.

शिवाय केशरी वीज कमी खातो. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर जयगडपर्यंत जाता येईल. निळ्यावर मालगुंडपर्यंत तरी पोचेन की नाही शंका. हे मात्र कुठला ओरडणारा पोरगा सांगत नाही. त्यांच्याकडे लाइट जात नसावी.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. सकाळी दहाला रु.ताईंच्या दुकानाच्या पायरीवर मी. त्या शटर उचलत होत्या. "केशरी," म्हटलं. कारणं सांगितली. इन्व्हर्टरचं ऐकून त्यांनी मान डोलावली. "हे मी इतरांनाही सांगेन आता."

माल मुंबईहून येणार. आठवडा तरी.

त्यांनी एक जुना मदरबोर्ड दाखवला, मांडवीजवळच्या एका घरातला. सगळ्या कडा हिरव्या. खाऱ्या हवेने. माझं घर समुद्रापासून किती लांब ते विचारून लिहून घेतलं. डॉक्टर विचारतो तसं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

द.चा फोन लागला. चार वाक्यं. पाऊस आहे का. आहे. जेवलास का. जेवलो.

नवीन मशीन येतंय म्हटलं, मग चक्कर येणार नाही. "बघू," म्हणाला.

१ ऑक्टोबर, बुधवार

माल आला. तिन्ही खोकी घरी आणली. उद्या दसरा, पूजा करून मग जोडू, असं रु.ताईंना सांगून आलो. त्या काहीतरी सांगणार होत्या, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

राहवलं नाही. प्रोसेसर तळहातावर घेऊन बघितला. पार्ल्याच्या बिस्किटाएवढाही नाही. मदरबोर्डवर त्याची बसायची जागा असते, तिच्यावर काळं झाकण. तेही काढलं. आत भिंगातून बघितलं तर केसाएवढ्या बारीक सोनेरी पिना, हजारावर, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. वाऱ्यातल्या भातासारख्या. सौ.ला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "हे कोणी केलं असेल हो?" बराच वेळ आम्ही दोघं भिंग एकमेकांकडे देत बसलो.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. पाटावर पाना, सौ.चं शिलाई मशीन, विळी, माझा जुना बिल्ला, आणि मधोमध मदरबोर्ड. उघडाच. काळं झाकण परत लावायचं राहून गेलं.

सौ.ने सगळ्यांवर हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडू ठेवला. मी हात जोडले. डोळे उघडले तर पिनांच्या मधोमध तांदळाचा एक दाणा. कुंकवात रंगलेला.

फुंकर मारली, निघेना. मग मी शिलाईच्या डब्यातली सुई घेतली.

पुढचं लिहवत नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

रु.ताईंनी भिंग लावलं आणि पहिला प्रश्न विचारला, "अक्षता?"

म्हटलं, तुम्हाला कसं कळलं?

"दर दसऱ्यानंतर दोन-तीन येतात काका. परवा मी तेच सांगणार होते, पूजा खोक्याची करा. एकाने नारळ फोडलेला, पाणी सगळं आत." चिमटा आणि शिसं सरकवायच्या पेन्सिलीची बारीक नळी घेऊन दोन तास वाकून बसल्या. मधे नमाजाला उठल्या, परत येऊन बसल्या. मी श्वासही जपून घेत होतो.

दाणा निघाला. तीन पिना वाकल्या होत्या, दोन सरळ झाल्या, एक तुटली. त्यामुळे रॅमच्या चार खाचांपैकी दोन कायमच्या बंद. मशीन चालेल, पण रॅमकडे जायचा रस्ता अर्धा.

"नुकसान होईल का?"

"दुसरा प्रोसेसर असता तर जास्त झालं असतं. ह्याची पिशवी मोठी आहे, निभावून नेईल." माझा शब्द त्यांनी उचललेला बघून जरा बरं वाटलं. बंद खाचांवर त्यांनी कागदाची पट्टी चिकटवली, "वापरू नये".

सौ.ला ती तुटलेली पिन सांगितलेली नाही. सुई माझी होती, अक्षता तिच्या. तिला वाटेल तिच्यामुळे. रात्री बांगडे. नवरात्र संपलं.

५ ऑक्टोबर, रविवार

रु.ताई घरी येऊन जोडून गेल्या. सौ.ने घावणे केले. चालू झालं. सोळा चौकोन दिसतात आता, आठ गडी प्रत्येकी दोन हातांनी.

७ ऑक्टोबर, मंगळवार

फेरी: जयगड ३.००. पूर्ण. वेळेवर. एकटा.

द. नाही आला. म्हणून माझाच फोन कॉलमध्ये जोडून उजव्या पडद्यावर भिंत दाखवत ठेवला, नुसता भार पडावा म्हणून. सेकंदाला साठ. आरे-वाऱ्याचा उतार, वळणं, वरून दिसणारे दोन्ही किनारे, एकही धक्का नाही. वर नकाशा उघडला, गाणी लावली, तरी साठ. सड्यावर फाट्यापाशीही थांबून बघितलं. गोठला नाही. पुढच्या मिनिटाला गाडी तिथून निघालीही.

एवढी सुंदर गाडी मी उभ्या आयुष्यात चालवली नाही आणि एवढी वाईट फेरीही केली नाही. बेलशिवाय प्रत्येक थांब्यावर आपणच ठरवायचं, कधी निघायचं. जयगडला पोचून स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. रडलो थोडा. सौ. बाजारात होती.

९ ऑक्टोबर, गुरुवार

द.ला सांगितलं, साठ चित्रं, धक्का नाही, चक्कर येणारच नाही. एकदा बघ तरी.

"वसंता, मशीनचं काय नाय रे त्यात."

मग कशाचं? फोन ठेवला त्याने.

महिनाभर मी कशाच्या मागे धावतोय?

११ ऑक्टोबर, शनिवार

पल्लवीला फोन केला. तिने आधी दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावलं. मग म्हणाली, "काका, त्या दिवशी तुमच्याकडे बंद पडलं, पण आमच्या टीव्हीवर चित्र तसंच थांबून राहिलं होतं. चार-पाच मिनिटं तरी. तो फाटा, गडगा, झाड, आणि थांबा. थांब्यावर कोणी नाही. आप्पा बघत बसले. मी टीव्ही बंद करायला गेले तर हाताने नको म्हणाले. मग उठून आत गेले."

मी विचारलं, कोण असायला हवं होतं?

विचारताना माझं मलाच कळलं.

एकोणीस वर्षं सुमनवहिनी त्या फाट्यावर उभ्या असायच्या. द.चा डबा घेऊन. गाडी थांबली की खिडकीतून डबा आत, कालचा रिकामा बाहेर, "जेवा वेळेवर", आणि टण टण. वीस सेकंद. मी थांबा बसवला, गडगा बसवला, काजूची झाडं मोजली. माणूस विसरलो.

पल्लवी पुढे म्हणाली, "आणि त्या दिवशी नवमी होती ना, काका. सकाळीच आईंचं पान वाढलं होतं आम्ही. वर्षश्राद्धानंतरचं पहिलंच."

अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची. आमच्या घरात ती नसते, आईच्या आधी वडील गेले. मुद्दाम कॅलेंडर काढून बघितलं. १५ सप्टेंबर. पितृपक्ष आहे म्हणून मी प्रोसेसर घेत नव्हतो. रोज दिवस मोजत होतो, सर्वपित्री कधी, घट कधी. आणि बरोबर नवमीला मी त्याची गाडी त्याच्या फाट्यावर नेऊन गोठवली. पक्ष मला फक्त माझ्या खरेदीपुरता आठवला. लाज वाटली. अजून वाटते.

१२ ऑक्टोबर, रविवार

नकाशा उघडला. फाटा पुसून टाकायचा, नेवऱ्यानंतर सरळ पुढचा थांबा. दोन मिनिटांचं काम. बोट डिलीटवर.

सौ. मागे उभी होती. "पुसताय?"

"त्याला त्रास होतो."

"वहिनी गेल्या तो त्रास आहे. फाटा पुसून काय होणार? आणि तुम्ही कोण तो पुसणारे?"

मग एक बाईमाणूस उभं करावं का? खेळात प्रवासी ठेवता येतात. हिरव्या साडीतली एक आहेही. जरा वेळ तिला फाट्यावर ठेवून बघितलं. मान हलवत राहते, हातात मोबाइल. लगेच काढली. असलं काही करायचं नाही.

शेवटी काहीच केलं नाही. फाटा आहे तसा आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

द.ला फोन केला आणि सरळ बोललो. म्हटलं, पल्लवीने सांगितलं, तिच्यावर रागावू नको. मला कळायला हवं होतं, कळलं नाही. चुकलो.

पलीकडे टीव्ही चालू असल्याचा आवाज.

मग म्हणाला, "डबा नको बोललेलो तिला त्या दिवशी. शेवटच्या. ड्युटी लवकर सुटनार होती. बोल्लो, नको येव उन्हाची."

रिटायर व्हायच्या दिवसाबद्दल बोलत होता. त्या दिवशी वहिनी फाट्यावर नव्हत्या, हे मला आठवत होतं. का नव्हत्या ते माहीत नव्हतं. विचारलंही नव्हतं.

म्हटलं, मी रोज तीनला बसतोच. तू ये नाहीतर नको येऊ.

"बसतोस रोज?"

"बसतो."

"येडाच हायस."

१८ ऑक्टोबर, शनिवार

परतीच्या पावसाने कहर. विजा. प्लग काढून ठेवला. रु.ताईंचा सक्त हुकूम.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी संपली. पल्लवीचा मेसेज: भाऊबीजेला आप्पा नातीला बसच्या थांब्यांची नावं क्रमाने पाठ करायला लावत होते. शिरगाव, बसणी, आरे, वारे, नेवरे. तिथे थांबले. पुढचं सांगा म्हटल्यावर, "पुढचं मग."

फेऱ्या: रोज, वेळेवर, एकटा. फाट्यावर मी वीस सेकंद थांबतो. मनात मोजतो. मग सोडतो. बरोबर करतोय की नाही माहीत नाही.

रु.ताई रस्त्यात भेटल्या. "कंडक्टर आले का?" म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "मशीन पाच-सहा वर्षं जुनं होत नाही, काका."

२ नोव्हेंबर, रविवार

२.५४ ला कॉल आला.

द. उजव्या पडद्यावर. दाढी केलेली, गळ्यापर्यंत बटण लावलेला शर्ट. बारीक झालाय. पुढ्यात पेला आणि चमचा. तीन वाजता टण टण.

शिरगाव, बसणी. टोला मारल्याबरोबर ऐकू येतो आता, मोजलाही नाही मी. आरे-वाऱ्याला म्हणाला, "पानी निळंशार दिसतंय रे." नेवरे सोडलं. सड्यावर आलो. मी वेग कमी केला नाही आणि वाढवलाही नाही. त्याने ठरवायचं.

टण. एकच.

थांबवली.

दोघंही बघत होतो. गडगा, काजू, मोकळा थांबा. साठ चित्रं सेकंदाला, पण हलत काही नाही, वाऱ्याने जरा पानं तेवढी.

"जांभूळ चुकीच्या बाजूला लावलंस."

"कुठे होतं?"

"थांब्याच्या डावीकडं. सावली थांब्यावर पडायची. सावलीला उभी र्‍हायची ती."

गाडी उभी ठेवूनच नकाशा उघडला, त्याच्या चेहऱ्याशेजारी. झाड उचललं. खेळ, कॉल, नकाशा, तिन्ही एकदम चालू, कुठे काही अडलं नाही. "आजून डावीकडं. आजून. मागं घे जरा. हां." सावली सरकत येऊन थांब्याच्या दगडावर पडली.

"हां. हयच."

चमचा हातात आहे, पेला पुढ्यात आहे. तोंड पडद्याकडेच. मधे पल्लवी मागून येऊन गेली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. सौ. दारात उभी आहे, आत येत नाही.

दोन टोले आल्याशिवाय गाडी सोडायची नाही. विचारायचंही नाही. हे मी स्टिअरिंगवर वही ठेवून लिहितोय. ३.३८ ला थांबलो होतो. आता ३.५१. इंजिन चालू आहे.